घोरपड लागली

शनिवार, ७ फेब्रुवारी

मन मोकळं होण्यासाठी रोज चार ओळी लिहीत जा, असं डॉक्टरीणबाईंनी डेसला सांगितलं. डेसने वही आणली, पहिल्या पानावर स्वतःचं नाव घातलं आणि ती माझ्याकडे सरकवली. "तूच लिही ग्लेन. तुला निदान सवय आहे." म्हणजे आजार त्याचा आणि मन मोकळं माझं. आमच्या संसारात कामाची वाटणी पहिल्यापासून अशीच आहे. बार्बेक्यू तो पेटवतो, जाळी मी घासते.

तर लिहिते. सप्टेंबरात मासे धरायला गेला असताना खडकावरच्या कालवाच्या धारदार शिंपल्याने डेसचा पाय कापला. विष रक्तात गेलं. इस्पितळात त्याचा जीव एका औषधाने वाचवला आणि जाता जाता त्याच औषधाने त्याच्या कानातला तोल मारून टाकला. ऐकू सगळं येतं, विशेषतः मी पुटपुटलेलं. पण चालतो पाय फाकवून, भिंतीला बोटं लावत. शेजाऱ्यांना वाटतं, म्हातारा बाटलीला लागला. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही. आमच्या नेरँग गावात आजाऱ्यापेक्षा दारुड्याची विचारपूस जास्त होते.

आज शनिवार. शनिवारी डेस आणि त्याचा दोस्त नेव्हिल पार्कात जातात, दार उघडताच घोरपडीवर चढतात. घोरपड म्हणजे तिथला जुना लाकडी रोलर कोस्टर. नव्या लोखंडी कोस्टरांच्या शेजारी ती दात पडलेल्या आत्याबाईसारखी दिसते, पण या दोघांचा जीव तिच्यावर. मी खाली बाकावर दोघांच्या टोप्या, चष्मे आणि चपला घेऊन बसते. प्रत्येक टोळक्यात एक सामानवाली असते, आमच्यात ती मी. कारण मला गाडी लागते. गाडी लागते, बोट लागते, लिफ्ट लागते. एकदा डोळे तपासायची फिरती खुर्चीसुद्धा लागली होती. त्या बाकावर बसून मी पेपरातलं माझं गुरुवारचं सदर लिहिलं. 'उलटी करण्यासाठी रांगेत उभं राहून पैसे देणारा माणूस हा एकमेव प्राणी' या एका वाक्यावर मी अठरा वर्षं जेवते आहे.

आज नेव्हिलने दारात हॉर्न वाजवला. डेस म्हणाला, मॅच बघायची आहे. नेव्हिल गेला. टीव्ही काही लावला नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

डेस अंघोळ करून आला की त्याचे डोळे लाल असतात. हल्ली रोजच. न्हाणीघरात रडत असावा. मी विचारलं नाही. नवऱ्याला रडताना पकडू नये, एवढी सभ्यता माझ्यात आहे. गुपचूप लहान मुलांचा, न झोंबणारा शाम्पू आणून ठेवला, म्हणजे मला साबणाचाच संशय आहे असं त्याला वाटेल.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

डॉक्टर प्रमिला नंद, म्हणजे त्या वहीवाल्या, फिजीच्या आहेत. बोलणं गोड, खुर्च्या कडक. त्यांनी टेबलावर कानाचा प्लॅस्टिकचा नमुना ठेवला. माणसाच्या कानात काय असतं असं मला कुणी विचारलं असतं, तर मी मळ म्हटलं असतं. तिथे एक शंख आहे. शंखाला लागून तीन कमानी आहेत, तीन दिशांना तोंड करून. त्यांच्यात पाणी आहे. आपण मान वळवली की कमान वळते, पाणी क्षणभर मागे राहतं, आणि त्या मागे राहण्यावरून आपल्याला कळतं की आपण वळलो. शिवाय दोन बारीक पिशव्या, त्यांत खडूच्या कणांसारखे खडे. खाली कुठे आहे ते त्या खड्यांना ठाऊक.

मी तो नमुना हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसले. वाटाण्याएवढी जागा, आणि तिच्यात समुद्र आणि वाळू दोन्ही.

मग डॉक्टरांनी डेसला एका मऊ उशीवर उभं केलं. "डोळे मिटा."

मिटले, आणि तो तोडलेल्या झाडासारखा गेला. डॉक्टर तयार होत्या, त्यांनी धरला. मी तयार नव्हते.

"आता त्यांचा तोल डोळ्यांवर आहे," त्या मला म्हणाल्या. "डोळे मिटले की हे कुठेच नसतात. अंधारात जपा. अंघोळीला दांडी बसवून घ्या."

डेस खाली बघत म्हणाला, "डोकं मी डोळे उघडे ठेवूनच धुतो. साबण झोंबतो, पण पडण्यापेक्षा बरा."

मी शाम्पूबद्दल काही बोलले नाही. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "म्हणजे आता याला गाडी लागणार नाही?"

"गाडी नाही, बोट नाही, काहीच नाही. आतलं पाणीच बोलायचं थांबलं, मग भांडण कुणाचं होणार? गाडी लागणं म्हणजे डोळे एक सांगतात आणि कान दुसरंच." मग त्या माझ्याकडे बघून हसल्या. "तुमचं मात्र फारच जिवंत आहे, ग्लेनिस."

ओकण्याबद्दल माझं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

"डेस, तुझी चंगळ आहे बाबा," मी गाडीत म्हणाले. तो हसला. म्हणजे तोंड तसं केलं.

शनिवार, २८ फेब्रुवारी

नेव्हिलने आज ऐकलं नाही. "तुला बांधून बसवतात, पडशील कुठे," म्हणत त्याला घेऊन गेला. मी बाकावर, सामान मांडीवर.

घोरपड वर गेली, खाली आली, नेहमीसारखी खडखडली. दोघे उतरले. नेव्हिलचे उरलेले केस उभे होते. डेस मात्र रांग चुकलेल्या माणसासारखा दिसत होता.

"कसं झालं?" मी विचारलं.

"सिनेमा होता."

"म्हणजे?"

"बाक ढकलतो, पट्टा ओढतो, वारा लागतो. डोळ्यांना दिसतं की आपण चाललोय." त्याने चपला पायात सरकवल्या. "पण मी कुठे गेलोच नाही गं. घोरपड जाऊन आली. मी बसून होतो."

नेव्हिलने गरम चिप्सचा पुडा आणला. कुणी खाल्ला नाही, शेवटी पांढऱ्या आयबिस पक्ष्यांनी खाल्ला. परतताना डेस म्हणाला, वर्षाचा पास आता पुन्हा काढायला नको. मी म्हटलं, बरं, तेवढीच बचत. त्यानंतर घरापर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. चिप्स न खाल्ल्याने पोट रिकामं असेल.

रविवार, १ मार्च

सकाळी टोस्टवर व्हेजिमाइटचा काळा खारट लेप लावता लावता डेस म्हणाला, "तू बस."

"बसलेच आहे."

"घोरपडीवर. तू बसायचं आणि खाली उतरून मला सांगायचं, आत काय होतं ते."

"डेस, मला टिकटिक करणारं घड्याळ बघून मळमळतं."

"म्हणून तर." त्याने टोस्ट खाली ठेवला. "नेव्हिलला काही लागत नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, भारी. तुझं जिवंत आहे, डॉक्टर म्हणाल्या. मला ते हवं आहे. ते आठवेनासं होत चाललंय ग्लेन. काल मी आठवायला बसलो आणि नुसतं चित्र आलं."

मी म्हटलं, विचार करते. तो म्हणाला, कर. आणि माझ्या टोस्टलाही लावून दिलं. इतकी वर्षं आपापला टोस्ट आपण लावायचा असा आमच्याकडे नियम आहे. हे लाच देणं होतं की काय, समजत नाही.

शनिवार, ७ मार्च

गाडी न लागण्याचे उपाय सांगायला माणसं किती उत्सुक असतात. आल्याचा तुकडा चघळ. हिरवं सफरचंद खा. उपाशी बसू नकोस, भरल्या पोटी तर मुळीच नको. मधल्या डब्यात बस. नजर क्षितिजावर ठेव. मान मागे टेकव. तोंडाने श्वास सोड. मनगटाला पट्टी बांध. नेव्हिलची बहीण म्हणाली, बेंबीला प्लास्टर लाव. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मी सर्व केलं. बेंबीचंसुद्धा. शिवाय औषधाच्या दुकानातली गोळी घेतली, आणि लहान मुलांच्या छोट्या कोस्टरवर बसले. पुढच्या डब्यात एक चिमुरडी होती, तिने वळून माझ्याकडे दयेने पाहिलं. ओकारी आली नाही. जांभई आली.

उतरून मी डेसला म्हणाले, "धुण्याच्या यंत्रात अडकलेला एकटा मोजा असतो ना, तसं. फक्त मोज्याला तिकीट काढावं लागत नाही."

नेव्हिल हसला. डेस नाही हसला. "हे मी गुरुवारी पेपरात वाचतो," तो म्हणाला. "मला ते नकोय."

मग मला काय म्हणायचं होतं? मोजाच वाटला मला. आणि वाक्य वाईट नव्हतं.

बुधवार, ११ मार्च

डॉक्टर नंदना फोन केला. गोळीचं विचारलं.

"गोळी हेच करते," त्या म्हणाल्या. "आतल्या त्या जाणिवेलाच झोपवते. पाणी बोलतं, पण ऐकायला कुणी जागं नसतं."

म्हणजे गोळी घेऊन बसले तर ओकणार नाही, पण सांगायलाही काही उरणार नाही. तासभर मीही डेससारखीच होणार. आणि गोळी न घेता बसले, तर जे त्याने गमावलं तेच माझ्या पोटातून बाहेर पडणार. म्हणजे मला लागते ती गाडी आणि त्याला हवी आहे ती गाडी एकच निघाली.

यावर विनोद सुचत नाही. उद्या गुरुवार आहे.

रविवार, २२ मार्च

नदीकाठच्या बागेत झोपाळ्यावर सराव करते. मुलांना घेऊन आलेल्या आया आधी घाबरत, आता रांगेत माझा नंबर धरतात. आधी डोळे उघडे, नजर पलीकडच्या निलगिरीवर. थोडं थांबायचं, पुन्हा. मळमळ वर यायला लागली की पाय टेकायचे, थंड वारा तोंडावर घ्यायचा, आलं चावायचं. पोटाशी भांडायचं नाही, हे मी शिकले. पोट म्हणजे संपादक आहे. शब्द कमी केले की शांत होतं.

आज पहिल्यांदा डोळे मिटले.

खरं तर काहीच नवं घडलं नाही. झोपाळा मागे गेला, पुढे आला. पण अंधारात बसून मला कळत होतं की आता मी मागे आहे. आता खाली. आता वर, आता थांबले, आता परत. कुणी सांगत नव्हतं. साखळी करकरत होती, पण ती दोन्हीकडे सारखीच करकरते. तरी मला माहीत होतं. त्रेपन्न वर्षं हे आत चालू आहे. झोपेत कूस बदलताना, भांडताना मान झटकताना, बाकावर त्या दोघांच्या टोप्या सांभाळताना. एवढी वर्षं कुणीतरी प्रामाणिकपणे काम करत होतं आणि मी त्याला फक्त पित्त म्हणत होते.

मी तशीच झुलत राहिले. मग उतरून जास्वंदीच्या कुंपणापाशी ओकले. एक आयबिस शेजारी उभा होता. त्याच्या नजरेत निषेध नव्हता, आशा होती.

घरी आल्यावर डेसने विचारलं, "काय?"

"झोपाळा लागला," मी म्हटलं.

"आणि?"

"आणि काही नाही. चहा ठेव."

त्याने ठेवला. दोनदा माझ्याकडे वळून पाहिलं. मी काही लपवत असेन असं वाटलं असावं.

शनिवार, ११ एप्रिल

आजचं अक्षर लागलं नाही तर माझी मलाच माफी.

सकाळी एक टोस्ट, व्हेजिमाइट पातळ. आल्याचा तुकडा गालात. गोळी नाही. नेव्हिल म्हणाला, "मधला डबा. मागच्याला शेपटीसारखा झटका बसतो." स्वतः मात्र तो खाली राहिला, माझा चष्मा आणि आमच्या चपला घेऊन. "बाक कडक आहे गं," एवढंच म्हणाला.

डेस माझ्या शेजारी. पट्टे आवळले. त्याने माझा हात धरला. रस्त्यातसुद्धा न धरणारा माणूस.

"वरपर्यंत डोळे उघडे ठेव," तो म्हणाला. "मी सांगितलं की मीट. मीही मिटतो."

"तू मिटलेस तर तुला काहीच कळणार नाही."

"उघडे ठेवून सिनेमा बघितलाय एकदा."

साखळीने डबा वर ओढायला घेतला. हा कडकडाट मी खालून इतकी वर्षं ऐकत आले. वर तो कानांत नव्हता, दाढांत होता. एका बाजूने समुद्र उभा राहत गेला, दुसऱ्या बाजूने डोंगर. मी नजर समुद्राच्या रेघेवर ठेवली. श्वास तोंडाने सोडला. पोट अजून सभ्य होतं.

"मीट," डेस म्हणाला.

मी मिटले. एक बरं वाक्य तयार ठेवलं होतं, ते वरच राहिलं असावं.

आधी काहीच झालं नाही. चढणं संपलं होतं आणि पडणं सुरू झालं नव्हतं. त्या दोन्हींच्या मधल्या फटीत मला वजन नव्हतं. हाडांना नव्हतं, गुडघ्याच्या दुखण्याला नव्हतं, इतक्या गुरुवारांना नव्हतं. कानातले ते खडे, ज्यांना जन्मापासून खाली कुठे आहे ते ठाऊक, ते बिचारे तरंगले असतील आणि त्यांनाही आश्चर्य वाटलं असेल. मग पडलो. पडणं म्हणजे खाली जाणं असं मी समजत होते. तसं नाही ते. पडताना आपण जागच्या जागी असतो, आणि ज्याला आपण आधार म्हणत होतो तो सगळा निघून जातो. तळाला पोचलो तेव्हा तो परत आला, दुप्पट होऊन, मांडीवर, खांद्यांवर, पापण्यांवर. मी माझ्या आईएवढी जड झाले. मग वळण. त्या मिटल्या काळोखात कमानीतलं पाणी मागे राहिलेलं मला समजलं. खरोखर समजलं. माझ्या डोक्यात थेंबभर पाणी आहे आणि डोंगराएवढं लाकूड कुठे वळतं आहे ते त्याला माहीत आहे.

"डावीकडे," डेस ओरडला.

पाठ असेल त्याला सगळं. मी त्याचा हात घट्ट धरला होता, इतका की अंगठी रुतली.

"आता वर," तो म्हणाला. मग, "उजवीकडे. उजवीकडे गं." दर वेळी बरोबर, पण अर्धा क्षण उशिरा. आणि मग तो हसायला लागला. तो कसा हसायचा ते मी विसरले होते. आतल्या आत नाही, बाहेर, तोंड उघडून, आमची ओळख झाली तेव्हा त्याचे दात असे दिसायचे.

थांबलो तेव्हा मला जिन्यापर्यंत जाता आलं. नेव्हिलने पिशवी उघडून धरली, तोंड दुसरीकडे करून. "सकाळचा टोस्ट पोचला," तो म्हणाला. "जेवणाचं काय, खिम्याचं पॅटिस आणू?"

डेस कठड्याला धरून उभा होता. "सांग," तो म्हणाला.

मी तोंड उघडलं. अठरा वर्षं दर आठवड्याला शब्द पुरवणारी बाई मी. काही आलं नाही. शब्दही टोस्टबरोबर पिशवीत गेले असावेत.

"असू दे," तो म्हणाला. "घरी सांग."

रविवार, १२ एप्रिल

सांगितलं.

मागच्या अंगणात गवतावर खुर्च्या टाकून बसलो होतो. मी पहिल्यापासून सुरुवात केली, दाढांतल्या कडकडाटापासून. एकही उपमा दिली नाही. जे झालं ते, जसं झालं तसं. फार हळू जावं लागतं, हे मला नवीन आहे. मध्येच तो म्हणायचा, "थांब. तिसऱ्या उतारानंतर डावीकडे एक बारीक हिसका असतो."

"असतो. मला वाटलं माझीच मान मुरगळली."

"तोच. तोच तो." आणि खुर्चीत पुढे सरकला.

मग मी वरच्या त्या फटीचं सांगितलं. चढणं संपल्यावर आणि पडण्याच्या आधी. वजन नसल्याचं. खड्यांचं.

डेस पुन्हा खुर्चीत मागे टेकला. मला वाटलं, दुखावला. नसलेल्या गोष्टीचं वर्णन ऐकायला लावलं मी त्याला.

"ती जागा," तो म्हणाला, "तीस वर्षं मी खाली उतरून तुला ती जागा सांगायला यायचो. तू म्हणायचीस, हा घे तुझा चष्मा."

"मग पुढे सांगायचंस ना."

"तुला ठाऊक असल्याशिवाय कशी सांगणार? नेव्हिलला सांगून पाहिली. तो म्हणाला, भारी." त्याने नाक ओढलं. "आता तुला ठाऊक आहे. मला नसली तरी चालेल."

मी विचारलं, "काल वळणं तुला पाठ होती ना?"

"पाठ कसली. डोळे मिटल्यावर मला आपण उलटे आहोत की सुलटे तेसुद्धा माहीत नव्हतं."

"मग बोलत कसा होतास?"

तो खुर्चीचे हात धरून उठला, गवतावर पाय फाकवून उभा राहिला आणि पंजा पुढे केला. "दे हात. काल हाच सांगत होता. नुसता ठेव, धरू नकोस."

मी उठून हात ठेवला. त्याने डोळे मिटले.

मी दुसरा हात पकडायला तयार ठेवला होता. त्याचे घोटे हलले, गुडघे हलले, एकदा तो माझ्याकडे झुकला आणि परत गेला. मग स्थिरावला. गवतावर, डोळे मिटून, सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. मी इकडे तिकडे बघितलं, कुणाला तरी दाखवावं म्हणून. कुणी नव्हतं.

"ग्लेन," तो म्हणाला, "आपण उभे आहोत ना?"

"उभे आहोत."

"मग हलू नकोस."

"मी कुठे हलतेय?"

"हलतेस. श्वास घेतेस."

मग थोडा वेळ मी श्वासही बेताने घेतला.